शब्दचर्चा: 'कनेक्शन'ची गाडी, मराठीत काय म्हणायचं?

मंगळवेढ्याकडचा

एका प्रवासी मंडळासाठी निवेदन लिहून देतोय. मागणी साधी आहे: संध्याकाळच्या रेल्वेने सोलापुरात उतरणाऱ्यांसाठी गावाकडच्या शेवटच्या एसटीने पंधरा-वीस मिनिटं थांबावं. पहिलं वाक्य लिहिलं, 'रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांना पुढील बसचे कनेक्शन मिळावे', आणि तिथंच अडलो. आमच्याकडं कनेक्शन म्हणजे नळाचं, विजेचं नाहीतर गॅसचं. गावातल्या चारजणांना वाक्य वाचून दाखवलं, एकाने विचारलं, "डिपॉझिट किती?"

हा शब्द मला का लागतो तेही सांगतो. मागच्या पावसाळ्यात माझी रेल्वे पंचवीस मिनिटं उशिरा आली. रिक्षा करून स्टँडवर पोचलो तर फलाटावर भुईमुगाची टरफलं आणि डिझेलचा ओला डाग. कंट्रोलर म्हणाले, "लागली होती की, आत्ताच सुटली." त्यांचं काही चुकलं नाही, गाडी वेळेवरच सुटली होती. मंगळवेढ्याला रेल्वे नाही, त्यामुळं रात्र बाकावर काढली आणि तिथंच हा 'लागणे' डोक्यात फिरत राहिला.

मराठीत गाडी कितीदा लागते बघा. फलाटावर लागते. घाटात पोटाला लागते, मग लिंबू हुंगायचं. पुण्याला जाताना वाटेत मोहोळ लागतं, आणि पोचायला तास लागतात ते वेगळेच. मग ती सुटते. तिच्या अंगाने सुटली तर 'गाडी सुटली', माझ्या अंगाने सुटली तर 'गाडी चुकली'. धावत जाऊन धरली तर 'गाठली'. एका गाडीसाठी एवढं सगळं आहे. पण एक गाडी दुसरीसाठी थांबते त्याला? 'हिला लागून ती आहे' असं म्हणतो आपण, पण त्या 'लागून'चं नाम काय? निवेदनात घालता येईल असा शब्द हवाय. कृपया 'संलग्न सेवा' सुचवू नका, ते मलाही सुचलं होतं.

जुळे सोलापूर

जोडगाडी?

मंगळवेढ्याकडचा

जोडगाडी म्हटलं की मला उसाचा ट्रॅक्टर दिसतो, मागं दोन ट्रॉल्या डुलत. आणि त्याच्या मागं आपण, सात किलोमीटर.

कुर्डुवाडीकर

मेळ. आमच्याकडं हाच शब्द होता आणि तो कोशातून आलेला नव्हता. आजोबा म्हणायचे, "पुण्याच्या गाडीला बार्शी लाइटचा मेळ आहे" किंवा "आज मेळ चुकला, आता बसा." मेळ म्हणजे ही गाडी उशिरा आली तर ती थांबणार, दोघींची वेळ एकमेकींवर बेतलेली.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, साडेपाच फुटी रूळ सोलापूरला पोचला १८६० मध्ये. तो बार्शीला गेलाच नाही, पस्तीसेक किलोमीटर बाजूनं गेला. बार्शीसारखी पेठ, आणि स्टेशन माळावर. त्या स्टेशनाचं नाव ठेवलं 'बार्शी रोड', तेच आजचं कुर्डुवाडी. हा 'रोड' शब्द नीट ऐका. स्टेशनाच्या नावात 'रोड' असला की समजायचं, गाव इथं नाही, इथून रस्ता आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आपल्याच मार्गावर अक्कलकोट रोड आहे, पुढं गाणगापूर रोड आहे, तिथून दत्ताचं गाणगापूर वीसेक किलोमीटर. नाशिक रोड तर सगळ्यांना माहीत. तुम्ही शोधताय त्या शब्दाची रिकामी जागा रेल्वेनं दीडशे वर्षांपूर्वीच पाटीवर लिहून ठेवलीय.

बार्शी रोडची रिकामी जागा मात्र भरली. १८९७ मध्ये तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ पडला, कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे. लाइट म्हणजे दिवा नव्हे. लहानपणी आम्हाला वाटायचं की हिच्या इंजिनाचा दिवा मोठा असणार. लाइट म्हणजे हलकी. एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा हिशोब धरून इंजिनं आणि डबे घडवले होते, त्यामुळं रूळही हलका चालला आणि खर्चही कमी. मग ती १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज अशी वाढत गेली आणि १९५४ मध्ये सरकारनं घेतली. आता सगळी मोठ्या रुळाची झालीय.

मेळ का होता, तर दोन रुळांची रुंदी वेगळी. डबा इकडून तिकडं जाऊच शकत नाही. माणूस उतरणार, पोतं हमालाच्या पाठीवरून पलीकडं जाणार. म्हणजे गाडी बदलणं ठरलेलंच, म्हणून वेळही ठरवून घ्यावी लागली. रुंदीकरण झालं आणि गाड्या सरळ जायला लागल्या. सोय झाली. शब्द तेवढा गेला.

सातरस्ता

मेळ चांगला आहे पण निवेदन टाइप करणारा 'मेल' करणार. 'प्रवाशांना मेल मिळावी.' आणि साहेब लिहून देणार, 'मेल या स्थानकावर थांबत नाही.'

पंचवाला (निवृत्त वाहक)

कुर्डुवाडीकर रेल्वेचं बोलले, एसटीचं मी सांगतो. आमच्याकडं मेळ हा शब्द ऐकला नाही. मी ज्या आगारात होतो तिथं कंट्रोलर एवढंच म्हणायचे, "जरा दम धरा, रेल्वेची माणसं यायचीत." शब्द कुठला आलाय, सवय होती. चार्टवर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. साहेब बदलले की सवय पण बदलली.

एसटीच्या भाषेत सगळी गाडी एकटीच आहे. साधी, जलद, निमआराम, विनाथांबा, जादा. सगळ्यांत जिव्हाळ्याची मुक्कामी, काही ठिकाणी वस्तीची म्हणतात. रात्री गावात जाऊन झोपते, पहाटे दूध, कॉलेजची पोरं आणि कोर्टाची तारीख असलेली दोन-तीन माणसं घेऊन निघते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच आडवे. तुमची चुकली ती हीच. ती थांबली असती तर पुढच्या पाच गावांतली माणसं अंधारात ताटकळली असती, हेही निवेदन लिहिताना ध्यानात ठेवा.

अन् 'टप्पा'. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, भाडं टप्प्यावर. सरकारी भाषेत एसटीच्या कामालाच 'टप्पा वाहतूक' म्हणतात, म्हणजे वाटेत कुठंही उतारू घ्यायचा-सोडायचा परवाना. खासगी जीप भरून नेणाऱ्या वडापवाल्याकडं तो परवाना नाही, म्हणून पेपरात ती 'अवैध प्रवासी वाहतूक'. लोक मात्र वडापच म्हणणार. माणसं वडून वडून भरायची, दाराला लोंबकळणारा भरला की निघायचं. वडापला वेळापत्रक नाही, पण खरं बोलायचं तर रेल्वेतून उतरलेल्याला तेच थांबतं. पोट त्याच्यावर आहे ना.

जाता जाता एक शब्द. 'अर्धं तिकीट' म्हणजे आधी पोर. उंचीनं बारक्या माणसाला चिडवायचे, काय रे अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं झालं, तेव्हापासून धडधाकट बाई ऐटीत म्हणते, "एक अर्धं द्या." पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर शून्याचं तिकीट. ते पण फाडून द्यावंच लागतं, आजी ते पदराला बांधून ठेवते.

मंगळवेढ्याकडचा

काका, पाच गावांचं पटलं. 'थांबावं' खोडून 'वेळ पंधरा मिनिटं पुढं घ्यावी' केलं. शब्दाचा प्रश्न तसाच आहे.

परगावी

मी काही वर्षं हॅम्बुर्गला होतो, आता जुन्या पेठेत. तिकडं या सगळ्या व्यवस्थेलाच एक शब्द आहे, फेर्केअर्सफेरबुंड. १९६५ मध्ये हॅम्बुर्गनं पहिल्यांदा केलं: लोकल, भुयारी रेल्वे, बस, बंदरातल्या बोटी, मालक वेगवेगळे पण तिकीट एक आणि वेळापत्रक मिळून. 'फेरबुंड' म्हणजे बांधणं, आपल्या 'बंध'च्याच घराण्यातला. मराठीत 'वाहतूक संघ' करावं तर ट्रकवाल्यांची संघटना वाटते. 'मोट' म्हणावं तर निवडणूक.

स्वित्झर्लंडचा शब्द जास्त आवडला. १९८२ पासून तिथं गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात, त्याला नाव 'टाक्ट', म्हणजे ताल. मोठ्या जंक्शनात सगळीकडच्या गाड्या तास भरायच्या जरा आधी येतात, पाच-दहा मिनिटं शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि तास उलटल्यावर सुटतात. आपल्याकडच्या कुणाही तबलजीला विचारा, याला सम म्हणतात. सगळे आपापलं वाजवत समेवर येतात.

जुळे सोलापूर

समेवर येणारी एसटी. बरंय.

होटगी नाका

शब्द नाही कारण वस्तू नाही, एवढंच आहे. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याच्या महामंडळाची, सिटी बस महापालिकेची. तीन घरं, तीन चुली. रेल्वे स्टेशन एकीकडं, एसटी स्टँड दुसरीकडं, मध्ये रिक्षा. त्यात कर्नाटकच्या गाड्या येतात, विजयपूर, इंडी, कलबुर्गी, म्हणजे चौथं घर. परगावी हॅम्बुर्गचं सांगतायत, त्या जर्मनीत १९९६ पासून आसपासची रेल्वे कुठं किती चालवायची हे राज्यं ठरवतात. आपल्याकडं ठरवणारा एक नाही, म्हणून त्या ठरावाला नावही नाही.

आणि 'प्रादेशिक सार्वजनिक परिवहन' असं चुकूनही लिहू नका. आपल्याकडं 'प्रादेशिक परिवहन' म्हणजे आरटीओ. लोकांना लायसन्स, पीयूसी आणि एमएच १३ आठवतं, बस आठवत नाही. भाषेनं तो शब्द खर्चून टाकलाय. 'दळणवळण' म्हणाल तर पंचायत समितीचं भाषण. 'वाहतूक' बोलाल तर ट्रॅफिक पोलीस. म्हणून लोकांनी तिघांनाही बाजूला ठेवून 'यष्टी' केली. माझी आजी 'यष्टी' म्हणायची, संस्कृतात त्याचा अर्थ काठी. म्हातारपणी दोन्ही लागल्या तिला.

सातरस्ता

मेळ होतो एकदाच, आषाढीला. रेल्वेच्या जादा गाड्या, एसटीच्या जादा गाड्या, पंढरपुरात चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल अशी तात्पुरती बसस्थानकं. कुठल्या भागाची गाडी कुठं लागणार ते आधी ठरलेलं. तेवढे दिवस तिन्ही चुली एक होतात.

पूर्व भागातली

आमच्या घरी तेलुगू. सायकल, मोटरसायकल, एसटी, रेल्वे, सगळ्यांना 'बंडी'. "बंडी वच्चिंदी" म्हटलं की खिडकीतून बघावं लागतं काय आलंय ते. तुम्हाला निदान दोन गाड्या वेगळ्या तरी दिसतात!

कुर्डुवाडीकर

अजून एक रेल्वेचाच शब्द सुचवतो, सांधा. दोन रूळ जिथं मिळतात आणि गाडी इकडून तिकडं वळते तो सांधा, आणि तो बदलणारा सांधेवाला. 'रेल्वे-एसटीचा सांधा जुळवावा.' हाडाचा सांधाही सगळ्यांना माहीत असतो, निखळला की काय होतं तेही.

परगावी

सांधा जागेचा झाला. ह्यांना वेळेचा शब्द हवाय.

मंगळवेढ्याकडचा

खरंय. 'मेळ'च लिहिला: 'संध्याकाळच्या रेल्वेस शेवटच्या बसचा मेळ असावा.' परत त्याच चौघांना वाचून दाखवलं. कुणी डिपॉझिट विचारलं नाही. एकजण म्हणाला, "मेळ असावा नको, मेळ घालावा लिहा. 'असावा' म्हटलं की ते म्हणतील, असेल की." बदललं.

आणि पंचवाले काका, तुमच्या उत्तरात 'उतारू' वाचून थांबलो. आता सगळे 'प्रवासी' लिहितात. प्रवासी म्हणजे नुसता जाणारा. उतारूला मात्र भाषेनं उतरताना पकडलंय, म्हणजे पुढच्या गाडीची गरज ज्याला आहे त्या क्षणाला. निवेदनात 'प्रवाशांना' काढून 'उतारूंना' केलं तर जुनाट वाटेल का?

होटगी नाका

वाटू दे. पण उतरणारा तो उतारू, तर चढणाऱ्याला काय म्हणायचं?

पंचवाला (निवृत्त वाहक)

चढणाऱ्याला शब्द नाही. आधी खिडकीतून रुमाल चढतो, माणूस मागनं येतो.