‘डेर, डी, डास’मधला डास चावतोय

सुदामानगरकर (इंदूर):
नवरा श्टुटगार्टला, आणि मला व्हिसासाठी जर्मनची ए-१ ही पहिल्या पातळीची परीक्षा काढायचीय. ‘कूखन’ म्हणजे केक, ‘क्यूशे’ म्हणजे स्वयंपाकघर. मी दोन्ही म्हटले की सासूबाई विचारतात, घसा बसलाय का? त्यात लिंगं! टेबल ‘डेर’ म्हणजे पुल्लिंगी, दिवा ‘डी’ म्हणजे स्त्रीलिंगी, आणि मुलगी चक्क नपुंसक, ‘डास मेडशेन’. हे डोक्यात बसवायचं कसं?

बडोदेकर:
ताई, आरसा घ्या. ‘ई’ म्हणत राहा, जीभ जागची हलवू नका, फक्त ओठांचा चंबू करा. झाला तो ‘क्यूशे’मधला, डोक्यावर दोन टिंबांचा ‘ऊ’ (ü). ‘ए’ म्हणताना तसंच केलं की टिंबांचा ‘ओ’ (ö). ‘इश’ (म्हणजे मी) आणि ‘क्यूशे’मधल्या त्या ‘श’साठी जीभ ‘य’च्या जागी नेऊन नुसती हवा सोडा. आ, ओ, ऊ यांच्यानंतर मात्र तोच आवाज घशात घासतो, उर्दू ‘खबर’मधल्या ख सारखा. म्हणून कूखन. ‘त्साइट’ (वेळ) मधला ‘त्स’ तर आपल्याला फुकटच, चमच्यातला ‘च’! माझ्या वर्गातली गुजराती मंडळी ‘साइट’वरच अडायची.

जुना_इंदूरकर:
मुलगी नपुंसक नाही हो, ‘-शेन’ हा छोटं रूप दाखवणारा प्रत्यय नपुंसक आहे. तो लागला की मूळ शब्द काहीही असो, ‘डास’च. लेकरू, वासरू, पाखरू, आपणही ‘ते’च म्हणतो ना? पण मराठीची लिंगं तिकडे नेऊ नका, आपला दिवा ‘तो’ आहे. आणि आपण इंदूरवाले त्यात आधीच कच्चे. हिंदी शाळेतून आलेला माझा धाकटा अजून ‘माझा घर’ म्हणतो. शब्द एकटा पाठ करू नका, ‘टिश’ नको, ‘डेर टिश’. शेवटी ‘-उंग’ असेल तर ‘डी’, उदाहरणार्थ ‘डी वोनुंग’, म्हणजे राहतं घर.

वाक्यरचनेला मात्र घाबरू नका. ‘वाइल इश इन इंदोर वोने’, म्हणजे कारण मी इंदुरात राहते. ‘वाइल’ आलं की क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच! तसंच ‘मीर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजते. इंग्रजीच्या नादानं ‘इश बिन काल्ट’ म्हणाल तर वेगळाच अर्थ निघेल.

सुदामानगरकर:
आरशासमोर चंबू करत होते. सासूबाई म्हणाल्या, शिट्टी कोणाला मारतेस? पण काल फोनवर नवऱ्याला ‘क्यूशे’ पहिल्याच फटक्यात कळलं! फ्रिजवर ‘डेर’, दिव्यावर ‘डी’ अशा चिठ्ठ्या लावल्यात. केकचं अजून जमत नाही.