मदत हवी आहे: ऑनलाइन भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलला घराजवळचे दगड ओळखायचेत, इथे सगळीकडे जांभाच

वाळवंटीकाठ · शुक्रवार, रात्री ९:४०
रविवारपर्यंत सबमिट करायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. लॅब ४ मध्ये आसपासचे पाच दगड गोळा करून ओळखायचेत, प्रत्येकाचा फोटो आणि चाचण्या द्यायच्यात. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असे तिन्ही प्रकार त्यात हवेत. काल संध्याकाळपासून हिंडतेय. घराच्या भिंती जांभ्याच्या, गडगा जांभ्याचा, विहीर जांभ्यात खोदलेली, मागचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, तोही जांभ्याचा. पाच जांभेच पाठवू का? आणि जांभा या तीन प्रकारांपैकी कशात टाकायचा? पुस्तकात तो एकदाच आलाय, तोही मातीच्या प्रकरणात. नमुन्यांची पेटी ऑनलाइन मिळते, ती चालेल का? कृपया लवकर सांगा.

फोंडेकर२१ · रात्री ९:५२
कुठला कोर्स? स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा का? मी एनपीटीईएलचा एक केला होता. त्यात असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात, दगड गोळा करावे लागत नाहीत. तुमचा वेगळा दिसतोय.

रत्नागिरीकर · रात्री ९:५८
जांभा अग्निजन्य. डोळे मिटून लिहा. बेसॉल्ट कुजून जांभा होतो, आमच्याकडे बोअर मारताना खाली काळा कातळच लागतो. मूळ दगड अग्निजन्य, तर हाही अग्निजन्यच.

निवृत्त_मास्तर · रात्री १०:१५
रत्नागिरीकर, माफ करा, पण असं लिहिलंत तर पोरीचे गुण जातील. जांभा या तिन्हींत बसत नाही. तो झिजेतून उरलेला भाग आहे. चार महिने धो धो पाऊस, मग कडक ऊन, हे लाखो वर्षं चाललं की दगडातली सिलिका आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात. मागे राहतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. मूळ दगड कुठलाही असू शकतो. रत्नागिरीत खाली बेसॉल्ट असेल, गोव्यात डिचोलीला फिलाइट (पापुद्र्यांचा रूपांतरित दगड) आणि लोहखनिजाचे पट्टे असतात, काणकोणात ग्रॅनाइट. बुकॅननने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात केरळातल्या अंगाडीपुरमजवळचा हा दगड वर्णिला आणि त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की घट्ट, म्हणून ते नाव.

बाय, कोर्स कुठला आणि सूचना नेमकी काय, ती इथे जशीच्या तशी टाक. त्याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

चिरेवाला · रात्री १०:२०
मास्तर बरोबर सांगतात. चिरा, म्हणजे बांधकामासाठी कापलेला जांभा, खाणीतून निघतो त्या दिवशी हाताने तासता येतो, एक उन्हाळा गेला की हत्याराची धार जाते. पण आता चांगला चिरा मिळतच नाही, कापायच्या मशीनने वरचा पोकळ थरही घेतात. भिंतीला ओल येते ती त्यामुळे.

मडगावची_मेघना · रात्री १०:२४
@चिरेवाला, आमच्या कंपाउंडला चिरे घ्यायचेत. पोकळ कसे ओळखायचे?

चिरेवाला · रात्री १०:३१
एकावर एक आपटून बघा. टण्ण आवाज आला तर घट्ट, धप्प आला तर परत पाठवा. भोकांत पिवळी माती भरलेली असेल तरीही नको.

वाळवंटीकाठ · रात्री १०:४०
कोर्स अमेरिकेतल्या एका कॉलेजचा आहे, पहिल्या वर्षाचं भौतिक भूशास्त्र. माझं बी.कॉम. झालंय, पुढे पर्यावरण शिकायचंय, आणि तिथे प्रयोगशाळेसकट भूशास्त्राचा एक कोर्स झालेला लागतो. इथल्या कॉलेजात अर्ध्यावर प्रवेश मिळेना. व्हिडिओतली सगळी उदाहरणं ग्रँड कॅन्यन, हवाई, माउंट सेंट हेलेन्स. पाच तास बघितलं तरी दारातला दगड कळेना. सूचना अशी: 'तुमच्या परिसरात आढळणारे पाच दगड. इमारतीत वापरलेले चालतील, पण मूळ ठिकाण लिहावे. कठीणपणा, रेघ, घनता, आम्लाची चाचणी.'

फोंडेकर२१ · रात्री १०:४४
मग पेटी नको. 'तुमच्या परिसरात' असं स्पष्ट लिहिलंय. आणि पेटी रविवारपर्यंत पोचणारही नाही.

वास्को_बंदर · रात्री १०:५०
पेटी घेऊनच ठेवा. माझ्या मुलीसाठी घेतली, कठीणपणाच्या १ ते १० अशा मोह्स मापनाचे नऊ दगड त्यात, टाल्कपासून कोरंडमपर्यंत. शिकायला त्याशिवाय मजा नाही.

निवृत्त_मास्तर · रात्री १०:५८
पेटी पुढे घ्यायला हरकत नाही. आज घरातल्या वस्तूंवर भागेल. नख साधारण २.५, तांब्याचं नाणं ३.५, सुरीचं पातं आणि खिडकीची काच ५.५, क्वार्ट्झ ७. दगडाने काच ओरखडली की तो काचेहून कठीण. बोट फिरवून बघ, नुसती पावडर पुसली जाते की खाच राहते.

रेघ म्हणजे दगड घासल्यावर उमटणारा पुडीचा रंग. त्यासाठी बाथरूमची उरलेली फरशी उलटी कर. मागची बिनचकचकीत बाजू हवी. लोहखनिजांपैकी हेमॅटाइट वरून काळं-करडं दिसलं तरी तिथे विटकरी रेघ सोडतं, गोएथाइट पिवळट तपकिरी, मॅग्नेटाइट काळी. क्वार्ट्झची रेघ येणार नाही, तो फरशीच खरवडेल, आणि तेही लिहायचं. ती नोंदच झाली.

करिअर_कट्टा · रात्री ११:०५
भूशास्त्रात नोकरी हवी असेल तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा बघा. एम.एस्सी. लागते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात चांगल्या जागा असतात.

वाळवंटीकाठ · रात्री ११:०९
नोकरीचं मी विचारलेलं नाही. रविवारचं सांगा प्लीज.

मडगावची_मेघना · रात्री ११:१४
'रविवार' म्हणजे कुठला रविवार? कॉलेज अमेरिकेचं ना? पूर्व किनाऱ्यावरचं असेल आणि रात्री ११:५९ असं लिहिलं असेल, तर नोव्हेंबरात ते आपल्याकडे सोमवारी सकाळी १०:२९ होतात. माझ्या भावाने एकदा वेळ न बघता रात्रभर जागून घाईत चुकीची फाइल टाकली होती. आधी पेजवर वेळेचा विभाग बघ.

वाळवंटीकाठ · रात्री ११:२०
पूर्व किनाराच आहे! म्हणजे अख्खा रविवार माझ्याकडे आहे. ताई, खूप खूप आभार.

सत्तरीचो_झिलो · शनिवार, सकाळी ७:०२
नावावरून वाळवंटी नदीकाठच्या, म्हणजे साखळीच्या असाल तर सड्यावर कशाला हिंडता? नदीत बघा. वाळवंटीला चोर्ल्याच्या बाजूचं पाणी येतं. त्या डोंगरमाथ्यांवर दख्खनचा बेसॉल्ट आहे, खाली गोव्याचे जुने दगड. नदी सगळे मिसळून पात्रात आणते. त्रिपुरारीला विठ्ठलापूरला होड्या सोडतात, तिथून थोडं वर जा. गोटे ओले करून बघा, सुके सगळे सारखेच मातकट दिसतात. काळा, जड, बारीक कणांचा आणि आत पांढरे ठिपके तो बेसॉल्ट. रेशमासारखी चमक आणि पापुद्रे सुटणारा तो फिलाइट, म्हणजे रूपांतरित. पांढरा शुभ्र क्वार्ट्झ. एकट्या जाऊ नका, शेवाळलेल्या दगडावर पाय टिकत नाही.

रत्नागिरीकर · सकाळी ७:३०
बघा, बेसॉल्ट आलाच. मी तेच म्हणत होतो.

निवृत्त_मास्तर · सकाळी ७:४१
बेसॉल्ट आहे हे मान्य. पण तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्याखालचे गोव्याचे दगड अडीचशे कोटी वर्षांहून जुने. साखळीच्या मुलीच्या हातात एका गोट्यात एक काळ येईल आणि शेजारच्या गोट्यात दुसरा, एवढं अंतर आहे. सगळं बेसॉल्टच्या नावावर टाकणं मला पटत नाही.

वाळवंटीकाठ · सकाळी ८:१०
स्तरित कुठून आणू? नदीत वाळूचा खडक मिळेल?

मडगावची_मेघना · सकाळी ८:२२
तुमच्याकडे ओट्याला काय आहे? कडप्पा? शहाबादी फरशी? दोन्ही चुनखडीचे, म्हणजे स्तरित. आमच्या ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो आणि तिथली पॉलिश कायमची जाते. आई रोज ओरडते. लिंबातलं आम्ल चुना खातं, तीच तुमची आम्लाची चाचणी. कडप्प्याचं मूळ ठिकाण आंध्र, शहाबादीचं कर्नाटक. इमारतीतला चालतो असं त्यांनीच लिहिलंय.

वास्को_बंदर · सकाळी ८:३०
लिंबूबिंबू कशाला, संडास साफ करायचं ॲसिड एक थेंब टाका, फसफस दिसते.

निवृत्त_मास्तर · सकाळी ८:३७
नको. घरात बंद जागी ते वापरू नका, डोळ्यात उडालं तर केवढ्याला पडेल. व्हिनेगर पुरे. दगड आधी सुरीने खरवडून थोडी पूड करा, त्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे हळू येतील पण येतील. शेजारी तिसऱ्यांच्या शिंपल्याच्या पुडीवर तोच थेंब टाका, म्हणजे फसफस कशी दिसते ते कळेल. गोव्यात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत असत.

वाळवंटीकाठ · शनिवार, सायंकाळी ६:१८
भावाला घेऊन नदीवर गेले. फिलाइट मिळालं, क्वार्ट्झ मिळाला. ओट्याच्या कोपऱ्यातल्या कडप्प्याचा तुटलेला तुकडा बाबांनी काढून दिला. व्हिनेगरने पुडीवर बारीक बुडबुडे आले, मी भिंग लावून पाहिले. रस्त्याच्या कडेला पूर्वी ट्रकमधून सांडलेला एक काळसर जड तुकडा होता, त्याची रेघ फरशीवर विटकरी, अगदी गेरूसारखी. लहानपणापासून त्याच रस्त्याने शाळेत जायचे, पावसात तांबडं पाणी पायांवरून वाहायचं, आणि आज कळलं की तो हेमॅटाइट होता. घनता कशी काढू? उडीद मोजायचा काटा आहे.

फोंडेकर२१ · सायंकाळी ६:३१
काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या दगडाच्या वजनाला त्याने भागा.

वाळवंटीकाठ · सायंकाळी ७:०५
सांडलेला तुकडा २१२ ग्रॅम, पाण्यात ४२ दाखवले. म्हणजे ५.०५!

निवृत्त_मास्तर · सायंकाळी ७:१२
शाब्बास. क्वार्ट्झ २.६५ च्या आसपास असतो, म्हणजे हा त्याच्या जवळपास दुप्पट. हेमॅटाइट ५ च्या पुढेच येतं. तो आकडा मोठ्या अक्षरात लिही. जांभ्याला पाचवी जागा दे, आणि प्रकारासमोर 'झिजेतून उरलेला, तिन्हींत बसत नाही' असं लिहून कारण दे. तपासणाऱ्याला ते आवडेल.

रत्नागिरीकर · सायंकाळी ७:२०
खाली कंसात 'मूळ दगडावर अवलंबून' असंही लिहा. हे मी मान्य करतो.

सड्यावरची · रात्री ८:०३
जांभ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, सांग्याला रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळची प्रस्तरचित्रं याच कातळावर कोरलेली आहेत. बैल, हरिण, मोर, चक्रव्यूह. फोटोपेक्षा तिथे पहाटे जाऊन बघा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात.

वाळवंटीकाठ · रविवार, रात्री १०:१५
अपलोड केलं. क्वार्ट्झ, फिलाइट, हेमॅटाइट, कडप्पा, जांभा. अग्निजन्यची जागा रिकामीच राहिली. नदीतला सहावा काळा गोटा अजून कळलेला नाही. १४५ ग्रॅम, पाण्यात ५०, म्हणजे २.९. काच ओरखडते. पांढरे ठिपके नाहीत, चुंबक किंचित ओढतं. सहावा म्हणून नुसती मापं दिली आणि नाव कोरं ठेवलं. सोमवारी सकाळी १०:२९ पर्यंत बदलता येतं, म्हणून विचारते.

सत्तरीचो_झिलो · रात्री १०:२८
फोडलास का? ताज्या फुटीचा फोटो टाक. वरची साल बघून काळ्या गोट्याला कोणीही बेसॉल्ट म्हणेल.