पखवाजाच्या डाव्या बाजूचा दोष की खोलीचा?
घरी गाण्याचे मिक्सिंग करताना नेमकी वाटलेली पखवाजाची डावी (खर्जाची) बाजू गाडीत ऐकताना ढणढणते, या तक्रारीचे कारण मला इक्वलायझरपेक्षा (खर्ज-तार कमी-जास्त करणाऱ्या साधनापेक्षा) खोलीत दिसते. लातूर-नांदेडकडच्या घरांतली खोली दहा बाय दहा फुटांची आणि खाली शहाबादी फरशी असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज भिंतींलगत फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे मध्यावर बसून मिक्सिंग करणारा माणूस खर्ज नकळत वाढवत राहतो. खुर्ची मध्यावरून हलवावी, स्पीकर कोपऱ्यातून काढावेत, अंड्यांच्या ट्रेने (हा उपाय अजूनही सुचवला जातो!) खर्ज आवरत नाही. शिवाय मोठ्या आवाजात कानाला खर्ज तुलनेने अधिक जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवले असल्याने ७५ डेसिबलच्या आसपास एकच पातळी ठरवून तुलनेसाठी घेतलेले संदर्भगीतही त्याच पातळीवर ऐकावे.