कार्ल्याला रोपवे, आणि आमच्या कोंबडीचं काय?

घणसोलीचा_भोई:
काल इथे सीवूड्सच्या एका ताईंनी लिहिलं, "एकविरेला रोपवे झाला की कोंबड्या घेऊन नाचत चढणारी गर्दी तरी कमी होईल, देवस्थान शांत होईल." वाचून घास घशाखाली उतरेना. म्हणजे रोपवे म्हाताऱ्यांसाठी नाही, आम्हाला गाळण्यासाठी हवाय तर!

ताई, ते नाचणारे आम्हीच, आगरी-कोळी. चैत्रात पालखी घेऊन निघतो. पनवेल, खोपोली, मग रात्रीचा बोरघाट. पायाला फोड येतात, सुईदोरा ओवून पाणी काढायचं, हळद-तेल लावायचं की चाल पुढे. षष्ठीला देवघर गाव, तिथे देवीचा भाऊ काळभैरवनाथ. सप्तमीला वर पालखी. माझी आजी पायरीपायरीला हळदकुंकू वाहत चढायची. वाकायची, बोट टेकायची, मग पुढची पायरी. कुणी घाई केली की म्हणायची, "आय काय पलून चाललीय?" डब्यात बसून हे कुठे वाहायचं, काचेला?

गुडघेदुखी_ठाणे:
पायथ्याच्या वेहेरगावातून डोंगराच्या मधल्या 'पाच पायरी' टप्प्यापर्यंत गाड्या जातात, तेव्हा तुमची परंपरा कुठे जाते हो? गेल्या वर्षी माझी आई तिथेच बसून राहिली. मांडीवर नारळ, पदरात खणाची पिशवी. आम्ही वर जाऊन आलो तरी नारळ तसाच धरलेला. वणीला सप्तशृंगीच्या गडावर 2018 पासून ट्रॉली आहे. पायी येणारे खानदेशी थांबले का? चैत्रात बघा जाऊन.

सीवूड्सवाली:
ती ताई मीच. मी कोंबड्या म्हटलं, कुणाची जात काढली नाही. देवीच्या नावाने मुका जीव मारायचा ही कसली भक्ती? सप्तशृंगीवर बोकडबळी बंद झालाच ना?

घणसोलीचा_भोई:
अर्धीच बातमी वाचलीत. बंदी आली ती बळीच्या वेळी देतात त्या बंदुकीच्या सलामीत लोक जखमी झाले म्हणून. 2022 ला उच्च न्यायालयाने अटी घालून बळी पुन्हा सुरू करू दिला. आणि आमची कोंबडी खाली चुलीवर शिजते, घरच्या वाटणात. तुमची बटर चिकन बनून स्कूटरवरून येते, एवढाच फरक.

सीवूड्सवाली:
मी शाकाहारी आहे.

घणसोलीचा_भोई:
मग तर बोलणंच खुंटलं.

साडेबारा_टक्के:
जागा आमची, खाडी आमची, आता देवी कशी पुजायची तेही टॉवरवाले शिकवणार. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, त्याविरुद्धच्या आंदोलनात 1984 च्या जानेवारीत उरणला पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत पदरात पडले. माझ्या चुलत्याचा प्लॉट अजून कागदावरच आहे. फाईल घेऊन गेलं की "साहेब मीटिंगमध्ये".

गुडघेदुखी_ठाणे:
दादा, रोपवेचं चाललंय.

साडेबारा_टक्के:
रोपवेलाही जमीन लागतेच. कुणाची जाणार?

लेणीवेडा:
तुम्ही सगळे देवळापाशी अडकलात. शेजारी कार्ला लेण्यांतलं दोन हजार वर्षांचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह आहे, भारतातलं सर्वांत मोठं. छताला मूळ लाकडी कमानी अजून आहेत. आणि समोर अंगणात ढोलताशा, फटाके! गेल्या खेपेला सिंहस्तंभाच्या पायाशी कुणीतरी नारळ फोडत होतं. बौद्ध वारसा आहे तो.

साडेबारा_टक्के:
झालं, आता हे. म्हणजे देऊळ हलवा म्हणता?

लेणीवेडा:
शब्द तोंडात कोंबू नका. नारळ बाजूला फोडा, एवढंच म्हणतोय.

वाशीगावची_सून:
भोईदादा, गेल्या चैत्रात मी पालखीबरोबर होते, म्हणून बोलते. पुढे बायका अनवाणी, मागे ट्रेलरवर डीजे, आणि डीजेमागे आपलीच पोरं. अर्ध्यांच्या तोंडाला वास. घाटाच्या वळणावर एक ट्रक इतका जवळून गेला की माझ्या भाच्याच्या चपलेवरून चाक गेलं. पाय वाचला, आईची कृपा. पहाटे भोई दमलेले, खांदा बदलायला माणूस मिळेना, पोरं गाण्यावर. याला तुम्ही परंपरा म्हणता? आमच्या सासूबाईंच्या वेळी टाळ होते, एक ढोल होता.

घणसोलीचा_भोई:
वहिनी, डीजेचं खरं आहे. आमच्या मंडळात दोन वर्षं भांडतोय, कुणी ऐकत नाही. सीवूड्सच्या ताईंना आता आनंद झाला असेल.

सीवूड्सवाली:
थोडासा. टाळ-ढोलाला माझी कधीच हरकत नव्हती.

घणसोलीचा_भोई:
उपकार झाले. ठाणेकर, येत्या चैत्रात आईंना घेऊन पाच पायरीवर थांबा. आम्ही चौघं डोली करून वर नेतो, हळदकुंकवासकट. रोपवेला विरोध मात्र राहील.

गुडघेदुखी_ठाणे:
डोली चालेल. पण आई सत्त्याऐंशी किलोची आहे.

घणसोलीचा_भोई:
मग सहा जण आणतो.

वाशीगावची_सून:
डीजेमागची आणा.