पेगॅससचा बिल्ला : टांगाईलचा म्हणून घेतला, खरा आहे का?

शिंप्याचा_पोरगा : रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पान्या-पकडींच्या ढिगात दंडावरचा एक बिल्ला सापडला. मरून लोकर, त्यावर फिकट निळा पंखवाला घोडा (पेगॅसस), पाठीवर भालेवाला स्वार, खाली रोमन अक्षरांत 'इंडिया'. विकणारा म्हणाला, "एकाहत्तरला टांगाईलला उडी मारलेल्या मराठा जवानाचा आहे, साहेब." (टांगाईल आताच्या बांगलादेशात, 71 च्या युद्धात तिथे आपले जवान पॅराशूटने उतरले होते.) 1800 सांगितले, 900 ला दिला. घरी बाबांनी (40 वर्षं मशीनवर बसलेले) उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मशीनचं भरतकाम आहे, फसलास." खरंच फसलो का?

गंजका_बक्कल : बाबांना नमस्कार सांगा, पण मशीनच्या टाक्यावरून काही ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धातही मशीनवर भरलेले बिल्ले होतेच, आणि छावणीबाहेरच्या दर्जींकडूनही करून घेत.
विकणाऱ्याची गोष्ट मात्र सोडून द्या. 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलला उतरली ती 2 पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची 2 री बटालियन, मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची 3 री बटालियन, एवढं खरं. पण पेगॅससखाली 'इंडिया' हे चिन्ह इंग्रजांच्या वेळच्या 44 व्या इंडियन एअरबोर्न डिव्हिजनचं, 1944-45 चं. आपल्याकडे पुढे घोड्याच्या जागी शत्रुजीत (धनुष्यबाणवाला, अर्धा माणूस अर्धा घोडा) आला. म्हणजे बिल्ला खरा निघाला तर त्याने सांगितलं त्याहून जुना!

उंदीरमामा : अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. धागा निळसर पांढरा चमकला तर सावध, हल्लीचा असू शकतो. पण कुणी हल्लीच्या साबण पावडरीत धुतला असेल तरी चमकतो, मी एकदा त्यापायी चांगली टोपी परत केली. अजून हळहळ वाटते.

गंजका_बक्कल : मागून लोंबणारा एखादा धागा चिमट्यात धरून जाळा. सुताची राख होते, लोकर केस जळाल्यासारखी वासते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर बाजारात आलं युद्धानंतर. पुढच्या बाजूचा धागा अजिबात ओढू नका.

शिंप्याचा_पोरगा : केलं! घोड्याच्या मागचा धागा भुरभुर राख. पण कडेचा वितळून काळा मणी झाला. पोटात गोळाच आला. बाबांनी भिंग लावून पाहिलं तर कडेला दोन टिपा आहेत. खालची बारीक, विटलेली. वरची जाड, टाके लांब, आणि ती लोकरीवर न बसता उसवलेल्या काठाला आवळून मारलेली. म्हणतात, कुणीतरी नंतर काठ सावरलाय.

गंजका_बक्कल : 900 ला सुखात आहात. खालच्या टिपेचा फोटो टाका.

शिंप्याचा_पोरगा : बाबा कात्री घेऊन बसलेत. म्हणतात वरची टीप उसवून पुन्हा सुताने नीट मारून देतो.

उंदीरमामा : अहो कात्री काढून घ्या आधी!!