पहिल्या प्रकरणात दिलेला शब्द कादंबरीने पाळायलाच हवा का?

निशिगंध :
एका मैत्रिणीच्या कादंबरीचा कच्चा खर्डा वाचतेय. पहिल्या प्रकरणात थोरली बहीण रात्रीतून घर सोडून जाते. सकाळी तिचं अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं दिसतं, उशीवर चष्मा. ती चष्म्याशिवाय गेली! मी सरसावून बसले. आणि दुसऱ्या प्रकरणापासून जवळजवळ शंभर पानं आजोबांच्या तरुणपणाची. भाषा सुरेख आहे, आजोबाही जिवंत उतरलेत, पण माझं सगळं लक्ष त्या चष्म्यात. मैत्रीण म्हणते, वाचकाने जरा धीर धरावा, शेवटी सगळं जुळतं. वाचक धीर धरतो हो, पण आपण कशासाठी थांबलोय हे त्याला ठाऊक हवं. गूढाने सुरुवात केलीत म्हणजे वाचकाला शब्द दिलात. तो पाळायचा नसेल तर आजोबांपासूनच सुरुवात करा. मला ही सरळ फसवणूक वाटते. तुम्हाला काय वाटतं?

दगडफूल :
अजिबात पटलं नाही. नव्या लेखकाला जो तो हेच सांगतो : पहिल्या पानावर काहीतरी घडवा, प्रत्येक प्रकरण उत्कंठेवर सोडा. मग सगळ्या कादंबऱ्या एकाच चालीने धावतात. व्हर्जिनिया वूल्फची 'टू द लाइटहाउस' (1927) घ्या. निम्म्याहून जास्त पुस्तकात एक दुपार आणि एक संध्याकाळ. मग मधल्या छोट्याशा भागात दहा वर्षं उलटतात आणि मिसेस रॅमसे, जिच्याभोवती सगळं घर फिरत होतं, ती कंसातल्या एका वाक्यात मरून जाते. वाचकाला विचारून कुणी असं लिहिलं असतं का? आधीचा संथपणा नसता तर ते वाक्य इतकं लागलंच नसतं.

निशिगंध :
संथपणाशी माझं भांडणच नाही. त्या कादंबरीत पहिल्याच पानावर दीपगृहाला जायचा विषय निघतो आणि शेवटच्या भागात होडी तिथे पोचते. माणसं गेली, वर्षं गेली, पण तो प्रश्न वूल्फने सोडला नाही. मी याहून जास्त काय मागतेय?

पानोपानी :
प्रश्न सोडू नये हे खरं, पण तो बदलता येतो. दस्तयेव्स्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' 1866 मध्ये मासिकातून क्रमशः आली. सहा भागांपैकी पहिल्याच भागात खून होतो, खुनी कोण तेही आपल्याला माहीत. तरी पुस्तक खाली ठेवत नाही, कारण 'कुणी केलं' याच्या जागी 'हा माणूस हे किती दिवस पोटात ठेवेल' हा प्रश्न येतो.

खर्ड्यात मला आणखी एक बघावंसं वाटतं : त्या शंभर पानांत प्रत्यक्ष प्रसंग किती आणि 'त्या काळी ते असं करायचे' छापाचा सारांश किती? बरेचदा वाचक कंटाळतो तो या सारांशाला. आजोबा कुणाशी तरी समोरासमोर बोलताहेत, हो-नाही चाललंय, असं असेल तर तो मागच्या काळातही रमतो. आणि बहिणीने जाताना आजोबांची जुनी वही नेली असं दाखवलं, तर अख्खा भूतकाळ शोधाचाच भाग होईल.

दगडफूल :
सारांशाचं पटलं, वहीचं नाही. त्या वहीपायी आजोबा म्हणजे निव्वळ पुरावा होऊन बसतील. मी ती शंभर पानं वेगळी वाचतो. मुलगी निघून गेलेल्या घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे जुन्या आठवणी काढत बसतात. तुमची जी चिडचिड होतेय, तीच त्या घराची घुसमट आहे. ती कमी केलीत तर कादंबरीचा प्राणच गेला.

निशिगंध :
हे वाचून मी ती पानं पुन्हा चाळली. तुम्ही म्हणता ते तिथे असतं तर मी माझं म्हणणं मागे घेतलं असतं. पण आई एकदाही नाव घेता घेता थांबत नाही. तो चष्मा कुणी उचलला, कुठे ठेवला, कशाचा पत्ता नाही. घर गप्प आहे की लेखिकाच विसरली, हे वाचकाने कशावरून ओळखायचं?

दगडफूल :
एखादी खूण हवी, मान्य. चष्मा कपाटात आजोबांच्या वस्तूंशेजारी दिसला, तेवढं पुरे. पण बहीण कुठे गेली हे शेवटी सांगितलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

निशिगंध :
कुठे गेली ते नाही कळलं तरी चालेल. चष्मा का ठेवून गेली ते मात्र कळायलाच हवं. लेखिकेने तो मुद्दाम उशीवर ठेवलाय, तिला कुणी भाग पाडलं नव्हतं.