दिवाळीनंतर पक्षी बघायला आधी तळी की नदी? कुडाळ-मालवण पट्टा

कर्लीकाठ | १८ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं घर कुडाळ तालुक्यात, यंदा आईच्या सोबतीला म्हणून डिसेंबर अखेरपर्यंत गावीच राहणार आहे, काम लॅपटॉपवर आहे त्यामुळे सकाळी साडेनऊपर्यंत मी मोकळी. पक्ष्यांची आवड पुण्यात असताना लागली, तिकडे कवडीपाट आणि भिगवणला ग्रुपबरोबर जायचे, तिथे कसं, थंडी पडली की जायचं आणि पाण्यावर नजर टाकली की बदकंच बदकं. इथे स्कूटीने जाता येतील अशी तीन ठिकाणं आहेत, धामापूर तलाव, पाट तलाव आणि कर्ली नदी, म्हणजे नदी अगदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमापर्यंत. परवा धामापूरला गेले तर पाणी काठोकाठ, झाडी सुंदर, पण बदक एकही नाही. पाटला कमळांत थोडी हालचाल दिसली पण लांब.

तर विचारायचं असं की आत्तापासून डिसेंबरपर्यंत कुठल्या जागी कधी जाऊ? संगमावर कुरव (सीगल) येतात म्हणतात ते सकाळी दिसतात की संध्याकाळी? आणि नदीकाठी दगडावर शेपटी हलवत बसणारे ते तपकिरी छोटे पक्षी, ते सगळे मला सारखेच दिसतात, कुणीतरी नीट सांगा ना. दुर्बीण ८ बाय ४२ आहे.

---

गडनदी_पलीकडे | १८ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ताई, पहिली गोष्ट, भिगवणचा हिशोब इथे लावू नका. भिगवण म्हणजे उजनीचं पसरट उथळ बॅकवॉटर, बदकांना पाय टेकतील, मान खाली घालून चरता येईल असं मैलोन्‌मैल पाणी. आपली कोकणातली तळी बहुतेक डोंगराच्या कुशीत बांध घालून केलेली, कडेला लगेच खोल, आणि ऑक्टोबरात तर तुडुंब. चरणाऱ्या बदकाला तिथे खायला काही मिळत नाही मग ते थांबेल कशाला? त्यामुळे इथे तारीख बघायची नाही, पाणी कुठे उथळ झालंय ते बघायचं. आत्ता उथळ पाणी आहे शेतात, वहाळात म्हणजे ओढ्यात, नदीच्या कडेला आणि खाडीच्या तोंडाशी. तळ्यांची पाळी येते पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडला की, म्हणजे डिसेंबर, कधी कधी जानेवारी.

धामापूरला बदकांसाठी जाऊच नका. तो तलाव १५३० चा, २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला, आणि त्याची खरी श्रीमंती काठच्या झाडीत आहे. भगवती मंदिराकडून पायऱ्यांवर शांत बसा आणि पाण्यावर वाकलेल्या फांद्या एकेक करून दुर्बिणीतून बघत जा. घोंगी खंड्या असा बसलेला असतो की समोर असून दिसत नाही, लालभडक जाडजूड चोच, डोकं तपकिरी, पोट पिवळसर, आणि ओरडला की माणूस दचकतो एवढा मोठा आवाज. वर झाडांत धनेश, हरियल. हे सगळं ऑक्टोबरातही आहे.

पाट तलाव वेगळा. तिथे कमळं, पाणवनस्पती, त्यामुळे वर्षभर राहणारी मंडळी भरपूर, अडई, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, कमळपक्षी, नशीब असेल तर काणूक. एक लक्षात ठेवा, लांब शेपटीचा कमळपक्षी हिवाळ्यात ती शेपटी टाकून देतो, अंगही फिकट तपकिरी होतं, त्यामुळे चित्रातला पक्षी शोधत बसलात तर सापडणार नाही, उडताना पांढरेशुभ्र पंख चमकले की समजायचं. बाहेरून येणाऱ्या बदकांत भुवई बदक सगळ्यात आधी येतं, मग तलवार बदक, थापट्या. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले नर अजून लग्नाच्या कपड्यांत नसतात, रंग मादीसारखाच मळकट, भुवई बदकाच्या नराची ती पांढरी भुवई तेव्हा दिसत नाही. तेव्हा रंगावर जाऊ नका, चोचीचा आकार आणि उडताना पंखावरचा पट्टा बघा. थापट्याची चोच उलथन्यासारखी पसरट, ती कुठल्याही महिन्यात ओळखू येते.

---

सुकती_भरती | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५२

मी देवबागचा, संगमाचं मी सांगतो. सकाळ की संध्याकाळ हा प्रश्नच नाय ओ, भरती कधी हा प्रश्न आसा. चिखलातले आणि वाळूवरचे पक्षी घड्याळ बघत नाहीत, पाणी बघतात. पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ते लांबवर पसरून खात असतात, तुमच्या दुर्बिणीत ठिपके. पाणी चढायला लागलं की वाळूचा पट्टा आकसत जातो आणि सगळे एकत्र तुमच्या बाजूला सरकतात, पूर्ण भरतीच्या आधीचे दोनेक तास म्हणजे सोनं.

वेळ काढायची आमच्याकडची जुनी रीत सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा आकडा. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी सुकती. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. द्वादशीला नऊ. शुक्ल कृष्ण दोन्ही पक्षांना चालतं. हा अंदाज आहे, अर्धा पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जसजसे आत जाल तशी भरती उशिरा पोचते, म्हणून निघायच्या आधी मोबाईलवर टेबल बघून घ्या. अमावास्या पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतारात फार फरक पडत नाही.

तुम्हाला साडेनऊला घरी पोचायचं आहे म्हणजे तुळशीच्या लग्नाचे दिवस धरा. कार्तिक द्वादशीला लग्नं सुरू होतात आणि त्या दिवशी भरती नवाच्या सुमाराला. सहा वाजता या, आठपर्यंत बघा आणि निघा. सकाळचा अजून एक फायदा, ऊन तुमच्या पाठीवर आणि समुद्र समोर, पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी समोर सूर्य, सगळे काळे.

आणि किनाऱ्याला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तिथे थांबा. जाळं जवळ येत गेलं की आधी घारी, ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात, मग कुरव पाण्यावर येऊन बसतात, मधूनच सुरय (टर्न) सूर मारतो. रापणकरांच्या दोरीच्या मध्ये मात्र उभं राहायचं नाही, बाजूला वाळूवर बसा, कोणी काही बोलत नाही उलट मासे दाखवतात.

---

कुणग्याची_मेर | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

तलाव नदी सोडा, घराजवळ भातशेती असेल तर आत्ता कापणी चालू आहे ना, कापलेल्या कुणग्यात (भाताच्या खाचरात) अजून ओल असते तिथे रोज सकाळी चक्कर मारा. मेरेवरून, म्हणजे बांधावरून, हळू चाला. पाणलावा पायाजवळ येईपर्यंत हलत नाही, मग एकदम खरखरीत ओरडून नागमोडी उडतो. पिवळे धोबी थव्याने येतात, गुरं चरत असतील तर त्यांच्या पायांतच फिरतात. पुढे वायंगणीसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी, लोक वहाळाला माती-दगडाचे बंधारे घालतील, त्या अडवलेल्या पाण्यावर खंड्या आणि तुतारी (सँडपायपर) पक्षी हमखास.

---

वाशिष्ठीतीर | १९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

चिपळूणहून लिहितोय. शेपटी हलवणाऱ्यांचं सांगतो कारण नदीवाल्यांना त्यांच्याशिवाय पर्याय नाही आणि माझे ते फार आवडते आहेत.

आधी धोबी वेगळे करा. लांब शेपटी, पोटाला पिवळा रंग, पाठ राखाडी, वाहत्या पाण्यातल्या दगडांवर एकटाच, तो करडा धोबी. पाऊस संपता संपता सगळ्यात आधी येणाऱ्यांतला तो एक, डोंगराकडच्या प्रत्येक ओढ्यावर असतो. काळा-पांढरा, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला कवड्या धोबी, तो इथलाच, बारमाही.

आता तुतारी. ज्याचं मागचं अंग सारखं वरखाली होतं आणि छातीच्या बाजूने पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्याकडे वर चढलेला दिसतो तो साधा तुतवार. उडाला की पाण्याला अगदी चिकटून जातो, पंख ताठ, थरथर थरथर, मग जरा तरंगतो, परत थरथर. ही चाल एकदा डोळ्यांत बसली की रंग बघायची गरजच नाही. हिरवी तुतारी जास्त काळपट दिसते, डबक्यावर एकटी असते, उडाली की पंखाखालचा भाग काळा आणि कंबर एकदम पांढरीशुभ्र, आणि उडता उडता मोठ्याने शीळ घालते. ठिपकेवाली तुतारी म्हणजे पाठीवर पांढरे ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी रेघ, पाय पिवळट, ती शेतातल्या पाण्यात चार-सहाच्या घोळक्याने. तुम्ही पहिला महिना फक्त या तिघांवर घालवा, बाकी आपोआप येईल.

नदीवर मधूनमधून वरही बघत जा. ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी हिवाळ्यात खाडीवर येतो, पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि पाय पुढे करून स्वतःला पाण्यात टाकून देतो. मासा उचलला की त्याचं तोंड पुढे करून पकडतो, विमानाच्या पोटाला काहीतरी बांधल्यासारखं दिसतं.

आणि एक कळकळीची विनंती. आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत आणि थंडीत त्या काठावर, वाळूच्या बेटांवर उन्हाला पडतात. तुमच्याकडच्या नदीकाठीही गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात किंवा झुडपांतून काठाला उतरू नका. दुर्बिणीत डोळा घातला की पायाशी काय आहे ते कळत नाही. पुलावरून किंवा उंच धक्क्यावरून बघा, दिसतंही जास्त.

---

कर्लीकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री ८:२०

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. तिथीचा हिशोब आईला वाचून दाखवला तर म्हणाली, आमचे बाबा असाच सांगायचे. आज संध्याकाळी भंगसाळ नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिले, तुतवाराची ती थरथर चाल दिसली, अगदी वर्णनाबरहुकूम! अजून दोन गोष्टी. कुरवांमध्ये काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे असे दोन वाचले, पण फोटोंत तर हिवाळ्यात डोकं पांढरंच दिसतं? आणि आमच्या वाडीच्या टोकाला एका मोठ्या आंब्यावर समुद्री गरुड काटक्या नेताना दिसला, जवळून फोटो काढू का, ग्रुपवर जागा टाकली तर चालेल का?

---

आक्षीचा_किनारा | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

कुरवांचं मी घेतो, अलिबागजवळ आक्षीला दर हिवाळ्यात तेच बघतो. आमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक तुमच्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळे ओहोटीला प्रचंड पट्टा उघडा पडतो, जमलं तर एकदा याच.

हिवाळ्यात दोघांचीही टोपी जाते, कानामागे फक्त एक काळा डाग राहतो. म्हणून पंखाचं टोक बघा. तपकिरी डोक्याचा कुरव अंगाने मोठा, पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरे आरसे, शिवाय मोठ्या वयाच्या पक्ष्याचा डोळा फिकट. काळ्या डोक्याचा लहानखुरा, डोळा काळाभोर, पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर. उडतानाचा फोटो काढून घरी मोठा करून बघितलात तर लगेच कळतं. याच वर्षी जन्मलेल्यांच्या पंखांवर तपकिरी खुणा असतात आणि ते भरपूर असतात, सुरुवातीला त्यांना बाजूला ठेवा.

गरुडाबद्दल स्पष्ट सांगतो, नको. जागा टाकूच नका. आता त्यांचा घरट्याचा काळ सुरू होतोय, घरटं बांधताना किंवा अंडी असताना माणसांची ये-जा वाढली की जोडी घरटं सोडून देऊ शकते, आणि हा पक्षी तीच जागा वर्षानुवर्षं वापरतो, म्हणजे एक झाड गेलं की नुसतं एक वर्ष जात नाही. ते झाड ज्यांचं आहे त्यांच्या घरी जा, त्यांना सांगा की तुमच्या आंब्यावर कोण राहतंय. झाड टिकवणं त्यांच्याच हातात असतं.

---

सुकती_भरती | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४५

आक्षीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. तेच वाळूवरच्या थव्यांचं. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात, मुलं थवा उडवायला धावतात, कोणी बाईक घालतो, कोणी ड्रोन. बघायला छान वाटतं, पण ते चिखले (प्लोव्हर) मध्य आशियाकडून उडत आलेले, भरतीच्या त्या दोन तासांतच त्यांना विश्रांती, आणि प्रत्येक वेळी उडवलं की अंगातली चरबी जळते. मी तर जाऊन सांगतो लोकांना. रागावून नाही, दुर्बीण हातात देतो, एकदा आतून बघितलं की मूल स्वतःच आपल्या भावाला थांबवतं.

---

गडनदी_पलीकडे | २० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

गरुडाच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत. उघड ग्रुपवर नको हे बरोबर, पण नोंद झालीच पाहिजे, नाहीतर उद्या रस्त्यासाठी तो आंबा तोडायचा म्हटलं तर तिथे घरटं होतं याला पुरावा काय? लांबूनच तारीख आणि काय करत होता ते वहीत लिहा, आणि वनखात्याच्या स्थानिक माणसाला प्रत्यक्ष भेटून कळवा.

बाकी पक्ष्यांसाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकत जा, आणि आकडे घाला, नुसतं दिसला असं नको. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, त्या आठवड्यात पाट तलावाची रोज एक यादी केलीत तर फार उपयोगाचं होईल, आपल्या तळ्यांच्या नोंदी भिगवणच्या मानाने खूपच कमी आहेत. मग जानेवारीत पाणपक्षी गणना असते तेव्हा जमलं तर परत या. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा पॅक घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. आणि दुर्बीण घरी आल्यावर कपाटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आपल्या हवेत काचेला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

---

कर्लीकाठ | २० ऑक्टोबर, रात्री ९:०५

ठरलं मग. रोज शेत आणि वहाळ, शनिवारी धामापूर, तुळशीच्या लग्नाला संगम, पक्षी सप्ताहात पाट. आंबा शेजारच्या काकांचा निघाला, त्यांना सांगितलं तर म्हणाले तो पक्षी माझ्या लग्नाआधीपासून तिथे आहे, झाडाला हात लावू देणार नाही. पाटला सकाळी कुठल्या बाजूने बसू, रस्त्याकडून की पलीकडून?

---

गडनदी_पलीकडे | २० ऑक्टोबर, रात्री ९:२२

पूर्वेच्या काठाने बसा, ऊन पाठीवर येईल. गाडी लांब लावा आणि बसल्यावर पंधरा-वीस मिनिटं अजिबात हलू नका, पाणकोंबड्या गवतातून आपणहून बाहेर येतात.